उघाडी

मिठबावला मेस्तांच्या पडवीत
चार फुटी काच उतरली, गवतात गुंडाळलेली,
तेव्हा शेजारची इंदूकाकी गडग्यावरून म्हणाली,
"दर्या भायर गाजता हा, मगे घरात कित्याक?"
केशव मेस्त गप्प.
तीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनावर वाकलेला माणूस,
आता गुडघे पुळणीपर्यंत नेत नाहीत.
त्यांनी मला वही दाखवली फक्त :
वर टाकी, खाली टाकी, मध्ये बाण.

मी मोऱ्या जोडतो, संडास, बोअर, गच्चीवरचे सोलर.
समुद्र कधी जोडला नव्हता.

काचेला भोक पाडायचं म्हणजे
माडाला करतात तसं मातीचं आळं करायचं बिटाभोवती,
त्यात पाणी, आणि हातात अजिबात घाई नाही.
काच आधी कुरकुरते, मग शेवटच्या केसभर जाडीला
एकदम गप्प होते. तिथे श्वास धरायचा.

उतरायला सव्वा इंची, चढायला पाऊण.
वरच्या कोपऱ्यात कंगव्याच्या दातांची खिडकी,
तिच्यावरून सांडेल तेवढंच खाली येणार,
गाळणीतून, फेसातून, पंपाच्या तोंडापर्यंत,
आणि पंप ते पुन्हा वर फेकणार.
मेस्त म्हणाले, चढत्या पायपाला झडप घाल,
पंप बंद पडला तर पाणी उलटं येऊ नये.

माझा बा खारबंधाऱ्याच्या उघाडीवर होता.
लाकडाची फळी, ओहोटीला आपसूक उघडणारी,
भरतीला आपसूक मिटणारी.
एका आषाढात चौकटीत कालवं बसली,
फट राहिली बोटभर, अवसेच्या उधाणाला.
सकाळी खाजणात बोयटं उड्या मारत होती
आणि पुढची तीन वर्षं भात नाही,
नुसती पांढरी खपली.
बा कुणाला काही बोलला नाही.
फळी काढून आणली आणि अंगणात
कोयत्याने एकेक कालव खरवडत बसला.

झडप नको, मी म्हटलं.
आणि नव्याकोऱ्या पायपाला,
पाण्याच्या पातळीखाली अर्धं बोट,
तीन मिलीमीटरचं भोक पाडलं.
"चांगल्या नळाक भोक?" मेस्त उठून उभे राहिले,
गुडघ्यांसकट.

दोन दिवस विहिरीचं पाणी फिरवलं.
एक युनियन पाझरली, पुन्हा टेप गुंडाळली.
मग पोरांनी होडीतून निळे पिंप आणले, खडपापलीकडचे,
लुगड्याच्या फडक्यातून गाळलं,
तरी एक शंखातला खेकडा आलाच, तांदळाएवढा.
उतरत्या नळाची गुळगुळ
मी व्हॉल्व्ह पाव फेरा वळवून बंद केली.
रात्री नऊला फोन : "आवाज खंय गेलो?"
जाऊन पुन्हा थोडा सैल केला.
काकू आतून म्हणाल्या, आता झोपा मेल्यांनो.

तेवढ्यात लाईट गेली. आमच्याकडे जाते तशी,
अख्ख्या गावाची, न सांगता.

पंप थांबला. मोबाईलच्या उजेडात आम्ही दोघं
खालच्या टाकीशी उकिडवे,
म्हणजे मी उकिडवा, ते स्टुलावर.
पाणी चढायला लागलं.
मी पेनाने मारलेली रेघ बुडाली.
आणखी दोन बोटं. आणखी एक.
खाली लादी, लादीवर काकूंची पोह्यांची पिशवी.
मेस्तांचा हात माझ्या खांद्यावर आला,
इंजिनात पाणी शिरताना पोऱ्याला धरावं तसा.

वर कुठेतरी बारीक फुस्स झालं.
भोकाने हवा ओढली.
पाणी तिथल्या तिथे उभं राहिलं,
काठाला तीन बोटं ठेवून.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
बाहेर गाज चालूच होती, तिला पंप लागत नाही.
मेस्त म्हणाले, "तीन बोटा मोकळी कशी काय रवली?"
ठेवली होती, मी म्हटलं.

बिल केलं तिथेच, अंधारात :
पायप, एल्बो, दोन युनियन, सोल्यूशनचा डबा,
दोन दिवसांची मजुरी.
भोकाचे काय लावायचे
ते अजून माझं ठरत नाहीये.